हातचं राखून ठेवणं म्हणजे मोह का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या काही महिन्यांत आपल्या कुटुंब-गटांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. इंदूरच्या एका काकांनी विचारलं, की वय अठ्ठ्याहत्तर झालं, आता घर मुलाच्या नावावर करून टाकावं का, म्हणजे नामस्मरणात मन लागेल. बेळगावच्या एका ताईंनी लिहिलं, की आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहे, तिच्याच नावाची एफडी मोडली तर भाऊ काय म्हणेल. बडोद्याच्या एका वहिनींनी तर प्रश्न विचारलाच नाही. 'सेवा माझ्या वाट्याला आणि घर सगळ्यांच्या वाट्याला' एवढंच लिहिलं, आणि पाच मिनिटांत मेसेज डिलीट केला. ज्यांनी वाचला त्यांनी वाचला.

तिन्ही प्रश्नांना कायद्याची आणि हिशेबाची बाजू आहेच. पण तिघांचंही मन पैशापाशी अडलेलं नाही, धर्मापाशी अडलेलं आहे. काकांना वाटतं, घर नावावर ठेवणं हा मोह. ताईंना वाटतं, आईचा पैसा आईवर खर्च करणं म्हणजे भावाच्या वाट्याला हात लावणं. वहिनींना वाटतं, सेवेच्या बदल्यात काही मिळावं असं मनात येणं हेच पाप. गटावर पैशाची चर्चा नको असं काही ज्येष्ठांनी सुचवलं होतं. त्यांचा मान राखून आम्ही म्हणू, की ज्या गोष्टीपायी घरोघरी भावंडांचं बोलणं बंद होतं, ती साधनेच्या बाहेरची कशी धरायची?

आधी काकांचा प्रश्न. उतारवयात सोडायला शिकावं, हे आपण प्रवचनात ऐकतो आणि ते खरंच आहे. पण सोडायचं कसं, याची उदाहरणं आपल्याच परंपरेत आहेत आणि ती जरा नीट बघण्यासारखी आहेत.

बृहदारण्यक उपनिषदातली याज्ञवल्क्य आणि मैत्रेयीची कथा आपल्या अभ्यासवर्गात अनेकदा झाली आहे. धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का, असं मैत्रेयी विचारते, आणि पुढचा सगळा आत्मविचार त्या प्रश्नातून निघतो. म्हणून आपलं लक्ष तिथेच जातं. पण हा प्रश्न निघाला कशावरून? याज्ञवल्क्यांनी तिला सांगितलं होतं, की मी आता हे घर सोडून निघतो आहे, त्याआधी तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. एवढे मोठे ब्रह्मवेत्ते, पण दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी त्यांना घरच्या दोघींची सोय लावायची होती. मैत्रेयीने धन नाकारलं. कात्यायनीबद्दल उपनिषद फार काही सांगत नाही, तिच्यावर प्रवचनंही होत नाहीत. पण ती मागे राहणार होती, तिला घर लागणार होतं, आणि ऋषींना ते ठाऊक होतं. आपल्यातले बहुतेक जण कात्यायनीच्या घरचे आहेत, हे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

दुसरी कथा माउलींच्या वडिलांची. विठ्ठलपंत पत्नी रुक्मिणीबाईंना आळंदीला ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. परंपरा सांगते, की त्यांचे गुरू पुढे आळंदीला आले, रुक्मिणीबाईंची गाठ पडली, सगळा प्रकार उलगडला, आणि गुरूंनीच शिष्याला परत घरी पाठवलं. त्या कुटुंबाचे समाजाने जे हाल केले ते आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. गुरूंनी परत का पाठवलं, यावर मात्र फारसं थांबत नाही. मागे राहणाऱ्याची व्यवस्था न लावता घेतलेलं वैराग्य त्यांनी मान्य केलं नाही.

आता आपल्या घरातलं बघू. सगळं देऊन मोकळा झालेला माणूस उद्या बाथरूममध्ये पडला आणि मांडीचं हाड मोडलं, तर तो मोकळा कुठे झाला? त्याचा भार होता तेवढाच राहिला, फक्त तो पेलायला त्याच्या हातात आता काही उरलं नाही. मग सून आया ठेवायची की नाही हे नवऱ्याला विचारणार, नवरा पुण्याच्या भावाला विचारणार, आणि काका पलंगावर पडून सगळं ऐकणार. अशा वेळी नामात मन लागतं का, हे ज्यांनी भोगलंय त्यांनीच सांगावं.

या खर्चाचा अंदाज फार थोड्या घरांत असतो. मेडिक्लेम आहे म्हणून निश्चिंत असणारे पुष्कळ. तो मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतो. केंद्राच्या आयुष्मान योजनेत 2024 पासून 70 वर्षांच्या पुढच्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तेही भरतीसाठीच, आणि पती-पत्नी दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून. घरी आणल्यावर दिवसाची आया, रात्रीची बाई, डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी, नाकातली नळी बदलायला येणारी नर्स, हे सगळं खिशातून. समजा महिन्याला 30 हजार लागले. वर्षाचे 3 लाख 60 हजार, पाच वर्षांचे 18 लाख. अर्धांगवायू झालेली, स्मृती गेलेली माणसं कधी कधी दहा वर्षंही काढतात. काढावीत अशीच आपण प्रार्थना करतो, मग त्या दहा वर्षांची तजवीज नको?

म्हणून काकांना आमचं म्हणणं एवढंच, की आधी दोघांच्या, म्हणजे तुमच्या आणि काकूंच्या, शेवटपर्यंतच्या सांभाळाचा अंदाज काढा. काकूंचा वेगळा काढा. बहुतेक घरांत बायको वयाने लहान असते आणि नवऱ्याच्या आजारपणात शिल्लक संपवून मग तिची पाळी येते. तेवढं बाजूला ठेवल्यावर जे राहील ते द्यायला मोकळे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर माणशी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. दर 8.2 टक्के धरला तर एवढ्या रकमेवर तिमाहीला 61,500 रुपये व्याज हातात येतं. एवढी रक्कम सगळ्यांजवळ नसते हे आम्हाला कळतं, पण 8-10 लाख असले तरी आयाच्या पगाराचा काही भाग त्यातून निघतो आणि कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

आणि घर 'नावावर करून टाका' हे बोलायला जितकं सोपं तितकं निस्तरायला कठीण. बक्षीसपत्राची एकदा नोंदणी झाली, की नुसतं मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 ने एक दार उघडं ठेवलंय. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण तशी अट असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. पुढे 2 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावला आणि बक्षीसपत्र रद्द ठरवलं. आईबाबांना शेवटपर्यंत सांभाळीन असा एक लेखी कागद तिच्या बाजूने होता. आई जिंकली. पण पोटच्या मुलाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागणं, याला जिंकणं म्हणताना जीभ अडखळते.

द्यायचंच असेल, तर दोघांच्याही हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखून बक्षीसपत्र करता येतं. त्याहून साधं मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि आपण शुद्धीवर असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. (गोव्याच्या मंडळींचं वेगळं आहे, ते पुढे येतं.)

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र फक्त ज्येष्ठांच्या बाजूचं होईल. काही ज्येष्ठ घर स्वतःच्या नावावर ठेवतात ते सांभाळासाठी नाही, चाबूक म्हणून. चहा थंड आला की 'मृत्युपत्र बदलीन'. नातवाने हट्ट केला की 'सगळं संस्थेला देऊन टाकीन'. एका मुलाला एक सांगायचं, दुसऱ्याला दुसरं, आणि दोघांनाही ताटकळत ठेवायचं. मोह खरा तो हा. पैसा तोच, खातं तेच, पण एकात आपली आणि दुसऱ्याची सोय आहे आणि दुसऱ्यात सत्ता आहे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. ओळखायची खूण आमच्या मते एकच: राखून ठेवलेल्याबद्दल मुलांसमोर मोकळेपणी बोलता येतं का? आकडा, कारण, आणि माझ्यामागे काय, हे तिन्ही सांगता येत असेल तर त्याला आम्ही मोह म्हणणार नाही.

ताईंच्या प्रश्नावर तर आम्ही फारच ठाम आहोत. आईची एफडी आईची आहे. आई आहे तोवर ती भावाची नाही, ताईंचीही नाही. आपल्याकडे 'वारसा' हा शब्द असा वापरला जातो, जणू तो आधीच ठरलेला आकडा आहे आणि आईचं आजारपण त्यातून वजावट करतंय. आईच्या सांभाळानंतर जे उरेल तेच वारशाचं, आणि काही उरलं नाही तर आईचा सांभाळ झाला एवढं तरी झालं. गंमत म्हणजे आई स्वतःच याला आडवी येते. 'माझ्यावर कशाला उधळता, नातवाला होईल' म्हणून डायपरसुद्धा पुरवून पुरवून वापरायला लावते. पाठीला जखमा झाल्या तरी गादी घेऊ देत नाही. हे तिचं प्रेम आहे हे खरं, पण मुलांनी त्या प्रेमाचा फायदा घेऊ नये. 'आईच नको म्हणते' हे वाक्य बऱ्याच घरांत आईपेक्षा मुलांच्याच सोयीचं असतं.

जन्मतःच मुलाचा वडिलार्जित मिळकतीत हक्क, हा विचार आपल्या अंगात इतका मुरलाय तो मिताक्षरेमुळे. हैदराबादच्या मंडळींना ठाऊक असेल, सोलापूरच्या रस्त्यालगतचं बसवकल्याण हीच चालुक्यांची कल्याणी, तिथे विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. पण त्याच स्मृतीत वडिलांच्या पश्चात मुलं वाटणी करतील तेव्हा आईलाही मुलांइतका भाग द्यावा असं सांगितलंय. आईचा तो भाग पुढे बरीच घरं विसरली.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या वाड्यांतल्या कुटुंबांची आणखी एक अडचण. कागदावर लाखोंची मिळकत, हातात काही नाही. वाडा अजून पणजोबांच्या नावावर, हिस्सेदार चौदा, त्यातले तिघे परदेशात. असा हिस्सा विकून आया ठेवता येत नाही. घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घ्यायची आणि मरेपर्यंत त्याच घरात राहायचं, अशी रिव्हर्स मॉर्गेज योजना 2007 पासून आहे. ती घेणारे फार थोडे, आणि तिलाही स्वतःच्या नावावरचं, निर्वेध घर लागतं. वाडेवाल्यांनी नावं चढवण्याचं आणि वाटणीचं काम आपल्या हातापायांत जोर आहे तोवर करावं. पुढच्या पिढीला तर हिस्सेदारांची नावंही ठाऊक नसतात.

आता वहिनींचा डिलीट केलेला मेसेज. सेवेची किंमत करू नये, हे आपण मानतो. पुंडलिकाने देवालासुद्धा विटेवर थांबवलं, ते काही मिळेल म्हणून नव्हे. पण हा उपदेश नेहमी कोण कुणाला करतं, तेही बघावं. जो भाऊ बंगळूरहून वर्षातून दोनदा येतो, तो अंथरूण बदलणाऱ्या वहिनीला निष्काम सेवेचं महत्त्व सांगतो. निष्काम राहणं ज्याचं त्याने स्वतः ठरवायचं. आपल्या वाट्याची सेवा दुसऱ्यावर टाकून त्याच्यावर निष्कामता लादायची, याला शास्त्राचा आधार नाही. नोकरी सोडून सात वर्षं सासूबाईंचं केलेल्या बाईचा पगार गेला, पीएफ गेला, आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची पुंजीही गेली. सासूबाईंनी मृत्युपत्रात तिच्या नावाने काही लिहिलं, तर ती मजुरी होत नाही. घराने तिच्याकडून जे घेतलं त्याची ती ओळख आहे. हिंदू वारसा कायदा मृत्युपत्र नसताना मुलगा-मुलगी समान धरतो, आणि ते योग्यच आहे, पण तो सुनेला आईची वारस मानत नाही, आणि कोणी किती रात्री जागून काढल्या हे तर तो बघतच नाही. ते बघणं आईबाबांच्याच हातात आहे.

तरी हे गुपचूप करू नये. तेराव्यानंतर कपाटातून निघालेलं मृत्युपत्र, कितीही न्यायाचं असलं तरी, घर फोडतं. लिहिण्याआधी सगळ्या मुलांना सांगावं, की अमुक ताईला किंवा वहिनीला एवढं जास्त देतोय आणि का देतोय. आणि आजारपण चालू असताना आईच्या खात्यातून होणारा खर्च दर महिन्याला कुटुंबाच्या गटावर टाकावा. संशयाला जागा राहत नाही, आणि लांबच्या भावंडांना महिन्याचा आकडा दिसला की पुष्कळदा तीच आपणहून हात पुढे करतात. गोव्यात मात्र आईवडिलांना एवढी मोकळीक नाही. लग्नानंतर मिळकत साधारणपणे दोघांची समाईक, म्हणजे निम्मी पत्नीची, आणि मुलं असतील तर आपल्या हिश्श्याच्याही अर्ध्या भागापुरतंच मृत्युपत्र करता येतं, बाकीचा अर्धा मुलांसाठी राखीव. मृत्युपत्रही स्पेशल नोटरीकडे जाऊनच करावं लागतं. तिथल्या मंडळींनी इंदूरच्या नातेवाइकांचं ऐकून कागद करू नये.

आणखी एक विषय, जो या पत्रिकेत लिहावा की नाही यावर आमच्यात दोन आठवडे चर्चा झाली. काही साधक भक्तीच्या भरात घर किंवा ठेवी संस्थेला देण्याचं लिहून ठेवतात. भावना थोर आहे. पण पत्नी हयात आहे, तिला स्वतःचं उत्पन्न नाही, किंवा घरात एखादा अपंग मुलगा, अविवाहित मुलगी आहे, आणि हे सगळं संस्थेला, तर असं दान गुरुचरणी पोहोचतं यावर आमचा विश्वास बसत नाही. विठ्ठलपंतांना परत पाठवणारे गुरूच होते. आधी त्यांची सोय, नंतर आपला सांभाळ, आणि मग उरलं तर जरूर द्यावं. कोणी कार्यकर्ता याच्या उलट सुचवत असेल तर ते पत्रिका मंडळाला कळवा.

शेवटी स्मृतिभ्रंशाबद्दल, कारण आता आपल्या ओळखीत ही घरं वाढली आहेत. पुष्कळ जण मुलाच्या किंवा मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी उपयोगाचं नाही. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं, आणि तोवर आईच्या खात्यात पैसे असून आयाचा पगार उधारीने द्यावा लागतो. सांभाळाला लागणाऱ्या पैशांपुरतं तरी खातं विश्वासाच्या माणसाबरोबर जोडखातं असावं, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं. आणि बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा, हेही त्याच बैठकीत सगळ्यांना सांगून टाकावं. भांडणं बरीचशी तिथूनच सुरू होतात.

अशी बैठक कधी घ्यायची, असं विचाराल, तर दिवाळीत सगळे घरी असतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, फराळाचे डबे बांधण्याआधी, एक तास पुरतो. पासबुकं, पावत्या, घराचे कागद समोर ठेवा, आणि बोलायला सुरुवात आईबाबांनीच करावी, मुलांनी केली तर तिला वेगळा वास येतो. सुनांना स्वयंपाकघरात पाठवू नका. त्या बैठकीत जे ठरेल ते करायचं बहुधा त्यांनाच असतं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
— पत्रिका मंडळ